आठातले सात भाग: दगडातील भेगा, आवाजाचा वेग आणि रॉबर्ट मॅलेटचा आकडा

१/ बाजारातून मडके घेताना ते बोटाने वाजवून पाहण्याची रीत घरोघरी ठाऊक आहे. खणखणीत वाजले तर पक्के, बद्द वाजले तर कुठेतरी तडा. नाणे, कौल, वीट, काशाचे भांडे, साऱ्यांना हीच परीक्षा. पाथरवटही दगड घडवायला घेण्यापूर्वी त्यावर हातोडी मारून कान देतो. वरून अखंड दिसणाऱ्या दगडाच्या पोटात चीर असेल तर ती डोळ्याला दिसत नाही, पण आवाजात उतरते. या कानाच्या जागी घड्याळ कसे आले, आणि ते आणणाऱ्या पहिल्या माणसाचा आकडा कसा चुकला, त्याचा हा धागा.

२/ दगडाचा नाद पारखण्याची पद्धत आपल्याकडे ग्रंथबद्धही आहे. मूर्तीसाठी शिळा निवडण्याचे नियम सांगणारे शिल्पग्रंथ शिळांचे पुल्लिंगी, स्त्रीलिंगी आणि नपुंसक असे वर्ग करतात, आणि त्यांची एक खूण नाद हीच असते. घंटेसारखा घुमणारा दगड एका वर्गात, काशाच्या भांड्यासारखा वाजणारा दुसऱ्यात, आणि ज्यातून नादच निघत नाही तो तिसऱ्यात. शिळेच्या पोटातील दोषाला या ग्रंथांत ‘गर्भ’ असा शब्द येतो. वर्गांची नावे धर्मकल्पनेतून आलेली असली तरी त्यामागचे निरीक्षण खाणीतले आहे. मुका दगड मूर्तीला घेऊ नये हे ज्याने प्रथम सांगितले, त्याने मुक्या दगडाची मूर्ती घडवताना हात, नाक किंवा आयुध निखळलेले पाहिलेच असणार.

३/ मुका दगड मुका का असतो? ठोका बसला की दगडात लहर निघते, दुसऱ्या टोकाला जाते, परावर्तित होऊन परत येते. एका सेकंदात अशा किती फेऱ्या होतात यावर नादाची उंची ठरते. दगडाची लांबी तीच ठेवली आणि लहरीचा वेग घटला, तर फेऱ्या कमी होतात आणि स्वर खाली येतो. शिवाय भेगेच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासून लहरीची शक्ती शोषून घेतात, म्हणून नाद लवकर विझतो. म्हणजे पाथरवटाचा कान नकळत आवाजाचा वेगच मोजत होता. त्याला तो आकड्यात सांगता येत नव्हता, एवढेच.

४/ आकड्याचे काम अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट क्लाडनी याने केले. धातूच्या, काचेच्या, लाकडाच्या लांब कांड्या लांबीच्या दिशेने घासून तो त्यांचा स्वर ऐके आणि हवेच्या नळीच्या स्वराशी ताडून पाही. यातून लोखंडात आणि काचेत आवाज हवेच्या पंधरापटीहूनही अधिक वेगाने जातो हे त्याने दाखवले. पुढे १८०८ मध्ये झाँ-बातीस्त बियो याने पॅरिसमधील ओतीव लोखंडाच्या जलवाहिनीच्या एका टोकाला आघात केला. ९५१ मीटर दूरच्या दुसऱ्या टोकाला दोन आवाज ऐकू आले: आधी लोखंडातून आलेला आणि सुमारे अडीच सेकंदांनी आतल्या हवेतून आलेला. कांडी झाली, नळ झाला. जमिनीतला खडक मात्र अजून कोणी मोजला नव्हता.

५/ ते काम डब्लिनच्या एका ओतकामाच्या कारखानदाराने अंगावर घेतले. रॉबर्ट मॅलेट, जन्म १८१०. घरचा लोखंडाचा कारखाना. ट्रिनिटी कॉलेजभोवतीचे लोखंडी कठडे त्याच्याच कारखान्यातले, आणि त्यांच्या पायाशी त्याचे नाव आजही वाचता येते. धातू कुठे तडकतो, का तडकतो आणि वाजवल्यावर कसा बोलतो, हे या माणसाला पुस्तकातून शिकायचे नव्हते.

६/ मॅलेटला ओढ लागली ती भूकंपांची. चार्ल्स लायेलच्या भूविज्ञानाच्या ग्रंथातील एक चित्र त्याच्या मनात घर करून बसले होते. १७८३ च्या भूकंपानंतर इटलीतील कालाब्रिया प्रांतात एका मठापुढचे दोन दगडी स्तंभ न पडता जागच्या जागी पिळल्यासारखे फिरले होते. दगडावर दगड असा कसा फिरतो? या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता १८४६ मध्ये त्याने रॉयल आयरिश अकादमीपुढे निबंध वाचला आणि भूकंप म्हणजे खडकातून धावणारी लवचिकतेची लहर आहे असे मांडले. भूकंप लहर असेल तर तिला वेग असणार. आणि वेग असेल तर तो मोजता आला पाहिजे.

७/ भूकंप मागून मिळत नाही. म्हणून मॅलेटने तो तयार केला. ऑक्टोबर १८४९ मध्ये डब्लिनजवळच्या किलायनीच्या पुळणीवर त्याने बंदुकीच्या दारूची पिंपे वाळूत पुरली, एकेकात २५ पौंड, म्हणजे साधारण ११ किलो. अर्ध्या मैलावर त्याचे यंत्र मांडलेले. मदतीला सतरा वर्षांचा मुलगा जॉन. (हाच जॉन पुढे अमेरिकेत रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि तेथील यादवी युद्धात दक्षिणेच्या फौजांसाठी दारूगोळा तयार करण्याच्या कामावर होता. स्फोटांचे शिक्षण घरूनच लवकर सुरू झालेले दिसते.)

८/ यंत्र साधे आणि देखणे होते. एका पसरट भांड्यात पारा. त्याच्या आरशासारख्या पृष्ठभागावर फुलीच्या तारांचे प्रतिबिंब पाडलेले, आणि ते अकरापट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीला डोळा लावून बसलेला निरीक्षक. स्फोटाच्या क्षणी विजेच्या साहाय्याने घड्याळ सुरू होई. लहर पोहोचली की पारा थरथरे, फुली पुसट होई, आणि त्याच क्षणी निरीक्षकाने कळ सोडून घड्याळ थांबवायचे. अंतराला वेळेने भागले की वेग. पुढे सगळा घोळ झाला तो या मांडणीतल्या दोन जागांवर: दुर्बिणीचे भिंग आणि माणसाचे बोट.

९/ ओल्या वाळूत वेग भरला सेकंदाला ८२५ फूट, म्हणजे २५१ मीटर. हवेतल्या आवाजापेक्षाही कमी! वाळू सुटी असते, म्हणून हे एक वेळ पचले असते. पण मग त्याने डॉल्कीजवळच्या ग्रॅनाइटमध्ये हाच प्रयोग केला. हा ग्रॅनाइट म्हणजे डब्लिनजवळचे मोठे बंदर ज्या खाणींच्या दगडातून उभे राहिले तोच. भेगाळलेल्या, फुटक्या भागात वेग आला १,३०६ फूट, आणि त्यातल्या त्यात सलग भागात १,६६५ फूट. मीटरमध्ये सुमारे ४०० आणि ५००. मॅलेटने हे आकडे दशांशचिन्हापुढे तीन-तीन स्थळांपर्यंत छापले. एवढी काटेकोरता ज्या मोजणीत माणसाचे बोट सामील आहे तिला शोभत नाही, पण त्या काळाची ती रीत होती.

१०/ मॅलेट स्वतःच चकित झाला. दगडाच्या लवचिकतेवरून हिशेब केला तर ग्रॅनाइटमध्ये सेकंदाला कित्येक हजार फुटांचा वेग यायला हवा होता. मग हा वेग गेला कुठे?

त्याचे उत्तर त्याच्याच दोन आकड्यांत होते. फुटका ग्रॅनाइट १,३०६, सलग ग्रॅनाइट १,६६५. दगड तोच, खनिजे तीच, घनता तीच. फरक केवळ भेगांचा. मॅलेटने निष्कर्ष काढला की निसर्गातला खडक म्हणजे अखंड पदार्थ नाही, तो सांधे, फटी आणि चिरांनी तुकडे झालेला ढीग आहे. प्रत्येक फटीपाशी लहर अडखळते, वळसा घेते, आणि उशीर होतो. दगडातील भेग वेळेत मोजता येते हा विचार इतक्या स्पष्टपणे इथेच प्रथम आकड्यांसह पुढे आला.

११/ सिद्ध करण्यासाठी याहून मोठे स्फोट हवे होते, आणि ते स्वतः घडवण्याचा खर्च परवडणारा नव्हता. पण वेल्सच्या किनाऱ्यावर कोणीतरी ते रोजच घडवत होते. होलीहेड इथे आयर्लंडच्या बोटींसाठी प्रचंड लाटरोधक बांध चालू होता. १८४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले हे काम १८७३ मध्ये पूर्ण झाले. लांबी जवळपास पावणेतीन किलोमीटर. त्यासाठी होलीहेड डोंगराच्या कुशीतून लक्षावधी टन दगड काढला गेला. डोंगरात बोगदे खणून टोकाच्या कोठडीत टनावारी दारू भरायची आणि विजेने एकदम उडवायची, अशी खाणीची पद्धत होती. एका बारात हजारो टन कडा खाली येई.

१२/ खाणवाल्यांना दगड हवा होता, मॅलेटला धक्का. १८५६ ते १८६१ या काळात त्याने अशा सहा मोठ्या बारांची मोजणी केली. दारू कधी दोन हजार पौंडांच्या आसपास, कधी बारा हजार. यंत्र सुमारे मैलभर अंतरावर. मधला खडक क्वार्टझाइट आणि वळ्या पडलेला, पापुद्र्यापापुद्र्यांचा शिस्ट. डब्लिनहून समुद्र ओलांडून यायचे, यंत्र मांडायचे, आणि खाणीचा बार कधी तयार होईल याची वाट पाहत बसायचे. सहा नोंदींना पाच वर्षे लागली, यावरून त्या कामाचा कस कळावा.

१३/ सरासरी वेग आला सेकंदाला सुमारे १,२२० फूट, म्हणजे ३७० मीटर. हवेतल्या आवाजाहून जेमतेम अधिक. ज्या दगडाने समुद्र अडवायचा, त्यातून धक्का वाऱ्याच्या बरोबरीने चालत होता!

मॅलेटने मग त्याच खडकाचे छोटे घन कापून घेतले आणि दाबयंत्रात घालून ते किती दबतात हे मोजले. लहान घनात मोठ्या फटी नसतात, म्हणून त्याच्या ताठरपणावरून अखंड दगडातला वेग काढता येतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवल्यावर त्याने लिहिलेला निष्कर्ष प्रसिद्ध आहे: दगड पूर्ण अखंड असता तर जो वेग मिळाला असता, त्यातील आठापैकी जवळजवळ सात भाग केवळ खडकाच्या तुटकपणामुळे नाहीसे होतात.

१४/ आठातले सात. क्षणभर या वाक्याचे मोल ओळखावे. प्रयोगशाळेतील दगड आणि डोंगरातील दगड या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि त्यांतले अंतर एका अपूर्णांकात सांगता येते, असे एका अभियंत्याने म्हटले होते. आज धरणाचा पाया तपासताना किंवा बोगद्यासाठी खडकाची प्रत ठरवताना अभियंते हेच करतात. जागेवरचा वेग आणि नमुन्यातला वेग यांचे गुणोत्तर काढतात, आणि ते जितके कमी तितका खडक अधिक भेगाळलेला समजतात. पद्धत मॅलेटचीच आहे. त्याचा आकडा मात्र कोणी वापरत नाही. कारण तो चूक होता.

१५/ २४ सप्टेंबर १८७६. न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये हेल गेट नावाची धोक्याची खाडी होती. तिथला हॅलेट्स पॉइंटचा खडक खालून पोखरून अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी सुमारे ५०,००० पौंड स्फोटकांनी उडवला. जनरल हेन्री ॲबट यांनी या धक्क्याचा वेग मोजायची व्यवस्था केली होती. यंत्र मॅलेटच्याच धर्तीचे, पारा आणि दुर्बीण. पण त्यांच्या हाती आलेले वेग मॅलेटच्या कित्येक पट होते. पुढच्या प्रयोगांत ॲबटनी एक साधी युक्ती केली. एकाच स्फोटाकडे कमी आणि जास्त ताकदीच्या अशा दोन दुर्बिणींतून पाहिले.

१६/ तीव्र दुर्बिणीतून पाहणाऱ्याने धक्का आधी नोंदवला, मंद दुर्बिणीतून पाहणाऱ्याने नंतर. स्फोट एक, खडक एक, अंतर एक, आणि वेग दोन. तीव्र भिंगाने सेकंदाला आठ हजार फुटांच्या पुढचे वेग मिळाले. अर्थ उघड होता. सर्वांत आधी पोहोचणारा थरथराट अतिशय क्षीण असतो. मंद दुर्बिणीला तो दिसतच नाही. ती मागून येणाऱ्या दांडग्या, संथ लाटेची वाट पाहते आणि तिलाच पहिली समजते.

होलीहेडच्या नोंदींत याची खूण आधीच पडून होती. दारू जास्त भरली की वेगही जास्त भरतो, असे खुद्द मॅलेटनेच टिपले होते. दारूने खडकाचा गुणधर्म कसा बदलेल? धक्का मोठा असला की त्याचा अग्रभागही जरा ठळक होतो आणि निरीक्षकाला थोडा लवकर दिसतो, हे अधिक सरळ स्पष्टीकरण होते.

१७/ मॅलेट आणि ॲबट यांच्यात छापील वाद झाला. मॅलेटने आपली मोजणी सोडली नाही. त्याच्या बाजूने एवढे म्हणता येईल की त्याच्याकडे उपपत्ती फारच चांगली होती. आकडा कमी आला, तर खडकात भेगा आहेत. आकडा आणखी कमी आला, तर भेगा आणखी आहेत. होलीहेडचा कडा समोर उभा होता आणि त्यात खरोखरच भेगा होत्या, कोणालाही बोटाने दाखवता येतील अशा. अशा वेळी यंत्रावर संशय कोण घेणार? खरे कारण शोधून काढल्यामुळेच मॅलेटला दुसरे खरे कारण दिसले नाही. इतिहासातल्या चुका पुष्कळदा अडाणीपणाच्या असतात. ही तशी नाही, म्हणून ती अभ्यासण्याजोगी आहे.

१८/ आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मॅलेटची दृष्टी गेली. १८८१ मध्ये लंडनला तो वारला. त्याचा दुसरा मुलगा फ्रेडरिक तोपर्यंत भारतात होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात त्याने दीर्घकाळ काम केले, अंदमानच्या बॅरन बेटावरील ज्वालामुखीचा अभ्यास त्याचाच. हे सर्वेक्षण उभे करणारे थॉमस ओल्डहॅम हेही डब्लिनचेच.

आणि मॅलेटच्या कोड्याचा शेवटचा धागा याच ओल्डहॅम घराण्याने सोडवला. थॉमसचे पुत्र रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी १२ जून १८९७ च्या आसामच्या महाभूकंपाचा अहवाल लिहिला. त्या भूकंपाच्या युरोपात उमटलेल्या नोंदी आणि इतर नोंदी ताडून, १९०० मध्ये त्यांनी दाखवले की भूकंपाची लहर एक नसते. पुढे धावणारी दाबाची लहर, तिच्यामागून आडवी हलवणारी लहर, आणि सर्वांत शेवटी पृष्ठभागावरून रांगत येणारी मोठी लाट, असा तिघींचा ताफा असतो. मॅलेटच्या पाऱ्याला बहुधा तिसरीच दिसत होती, आणि त्याचा हिशेब पहिलीचा होता.

१९/ मग भेगांचे काय? यंत्राची चूक वजा केल्यावर आठातले सात भाग उरले नाहीत, पण काही भाग नक्की उरला. त्याचा निर्णायक पुरावा यायला पुढची साठ वर्षे लागली. हार्वर्डचे फ्रान्सिस बर्च यांनी १९६० मध्ये निरनिराळ्या खाणींतल्या दगडांचे नमुने जाड पोलादी भांड्यात घालून दहा हजार वातावरणांपर्यंत दाबले आणि दाब वाढवत असताना आतला आवाजाचा वेग मोजत गेले. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात स्टोन माउंटन नावाचा ग्रॅनाइटचा डोंगर आहे आणि तेथे मोठ्या खाणी होत्या. तिथल्या दगडात दाब नसल्यासारखा असताना वेग होता सेकंदाला ३.७ किलोमीटर. पूर्ण दाबाखाली तो ६.४ झाला.

२०/ दाबाने ग्रॅनाइट म्हणावा तेवढा घट्ट होत नाही, म्हणजे घनतेने एवढी वाढ होणे शक्य नाही. वाढीतला मोठा वाटा पहिल्या एक-दोन हजार वातावरणांतच पडला, नंतर आलेख जवळजवळ सपाट. स्पष्टीकरण एकच: दगडाच्या कणाकणांमध्ये डोळ्याला न दिसणाऱ्या सूक्ष्म भेगा असतात, दाबाने त्या मिटतात, आणि त्या मिटल्या की दगडाचा मूळ वेग परत येतो. मॅलेटला डोंगराच्या कड्यावर दिसलेली गोष्ट तळहातावर मावणाऱ्या दगडातही होती. नाहीसा झालेला वेग भेगांनीच खाल्ला होता. मॅलेटचा तो अंदाज बरोबर होता.

२१/ प्रयोगशाळेतून हे ज्ञान कामाच्या जागेवर आले ते मात्र धरणांमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅनडातील ओंटारिओच्या जलविद्युत मंडळापुढे जुन्या काँक्रीटच्या धरणांतील भेगा किती खोल गेल्या आहेत हा प्रश्न होता. तिथल्या लेस्ली आणि चीझमन या दोघांनी ‘सोनिस्कोप’ नावाचे यंत्र बनवले आणि १९४९ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. एका बाजूने कंपनाचा छोटा ठोका द्यायचा, दुसऱ्या बाजूने तो ऐकायचा, मधला वेळ विद्युतयंत्राने सेकंदाच्या दशलक्षांशात मोजायचा. माणसाचे बोट या मोजणीतून कायमचे बाहेर पडले. इंग्लंडच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेतही त्याच सुमारास असेच काम चालू होते. पुढे हे यंत्र आटोपशीर झाले, बॅटरीवर चालू लागले, खांद्याला अडकवून खाणीत नेता येऊ लागले.

२२/ दगडाच्या व्यापाराला याची खरी गरज पटवून दिली ती संगमरवराने. संगमरवर म्हणजे कॅल्साइटच्या स्फटिकांची दाट गर्दी. उष्णता लागली की कॅल्साइटचा स्फटिक एका दिशेने प्रसरण पावतो आणि तिला काटकोनात असलेल्या दिशांनी किंचित आकुंचन पावतो. शेजारच्या स्फटिकाची दिशा वेगळी असल्याने दोघांत रेटारेटी होते. ऊन आणि थंडी यांच्या हजारो फेऱ्यांत कणांमधले सांधे सुटत जातात, आणि दगड आतून साखरेसारखा भुसभुशीत होतो. वरून तो पांढराशुभ्रच दिसतो.

२३/ शिकागोतील अमोको इमारत १९७० च्या दशकात इटलीतील कारारा संगमरवराच्या सुमारे ४३,००० पातळ फरश्यांनी मढवली गेली. दोन दशकांच्या आत फरश्या ताटासारख्या वाकल्या, आणि १९९० च्या सुमारास त्या सगळ्या काढून ग्रॅनाइट बसवावा लागला. हेलसिंकीचे फिनलांडिया सभागृह आल्वार आल्टो या ख्यातनाम वास्तुविशारदाचे. तिथेही तोच कारारा, तेच वाकणे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस फरश्या बदलल्या, पुन्हा कारारा संगमरवरच वापरला, आणि त्याही वाकल्या. रस्त्यावरून चालणाऱ्यांच्या डोक्यावर टांगलेल्या दगडाची ही गोष्ट आहे, तेव्हा ‘दगड बरा आहे का’ हा प्रश्न केवळ सौंदर्याचा राहिला नाही.

२४/ याच काळात पूर्व जर्मनीत पोट्सडाम येथे वोल्फ्राम क्योलर राजवाड्यांच्या बागांतील संगमरवरी पुतळे तपासत होते. पुतळ्याचा तुकडा तोडून परीक्षा घेता येत नाही, म्हणून त्यांनी आरपार आवाज पाठवला आणि वेगावरून कारारा संगमरवराच्या प्रकृतीची पट्टी आखली. सेकंदाला ५ किलोमीटरच्या वर असेल तर दगड ताजा. ३ ते ५ मध्ये कण सुटू लागलेले. २ ते ३ मध्ये साखरेसारखी भुसभुशीत अवस्था. २ च्या खाली तुटण्याचा धोका, आणि दीडच्या खाली दगड नावालाच उरलेला. आजही संगमरवर तपासताना ही पट्टी हाताशी ठेवली जाते. युरोपने २००४ मध्ये नैसर्गिक दगडातील ध्वनिवेग मोजण्याचे स्वतंत्र मानकच काढले.

२५/ खाणीतून निघालेल्या ठोकळ्याची परीक्षा आता अशी होते. दोन समोरासमोरच्या बाजूंवर दोन ट्रान्सड्यूसर दाबून धरायचे. ठोकळा एक मीटर जाड असेल आणि ठोका २०० मायक्रोसेकंदांत पोहोचला, तर वेग ५ किलोमीटर. त्याच ठोकळ्यावर हातभर बाजूला ३३० मायक्रोसेकंद लागले, तर वेग ३ वर आला, आणि त्या जागी काहीतरी आडवे आले आहे. लहरीला हवेची फट ओलांडता येत नाही. ती भेगेच्या टोकाला वळसा घालून येते, आणि तो वळसा वेळेत दिसतो. ठोकळ्यावर खडूने चौकटी आखून प्रत्येक चौकटीत असे मोजत गेले की आतल्या भेगेचा नकाशा हाती येतो. करवतीखाली घालून दोन तुकडे झाल्यावर कळण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

२६/ पण इथेही मॅलेटची सावली आहे. आकडा कमी आला म्हणून दोष दगडाचाच, असे धरून चालत नाही. ट्रान्सड्यूसर आणि दगड यांच्यामध्ये ग्रीस नीट बसले नसेल, खडबडीत पृष्ठभागावर हवेचा पातळ थर राहिला असेल, तर पहिली क्षीण लहर यंत्रापर्यंत पोहोचतच नाही. यंत्र दुसऱ्या, दांडग्या लहरीची वेळ नोंदवते आणि चांगला दगड बाद होतो. होलीहेडला पाऱ्याने जे केले, तेच हे.

२७/ उलटी फसगतही होते. पावसात भिजलेल्या ठोकळ्यातील भेगांत पाणी शिरते. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर, हवेच्या चौपटीहून जास्त. भेग पाण्याने भरली की लहरीला वाट मिळते, आकडा वर चढतो, आणि तडकलेला दगड निरोगी ठरतो. म्हणून ठोकळा ओला की कोरडा याची नोंद आकड्याइतकीच महत्त्वाची.

दिशेचेही तसेच. ग्रॅनाइट एका दिशेने सहज फुटतो, दुसऱ्या दिशेने कष्टाने, आणि तिसऱ्या दिशेने फारच हट्टी असतो, हे खाणकामगारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सूक्ष्म भेगा एका प्रतलात रांगेने असल्यामुळे हे घडते. त्या रांगेला आडवे मोजले तर वेग कमी, समांतर मोजले तर जास्त. मोठी भेगही लहरीच्या वाटेला समांतर असेल तर ती अडवत नाही आणि दिसतही नाही. त्यामुळे एकाच दिशेच्या मोजणीवर ठोकळा विकत घेणारा फसतो, आणि विकणारा कधी कधी त्यावरच भरवसा ठेवून असतो.

२८/ होलीहेडची ती खाण आता सार्वजनिक उद्यान आहे. मॅलेटने ज्या कड्यांतून धक्के मोजले त्यांचे उघडे पापुद्रे आणि सांधे तिथे आजही पाहता येतात, आणि त्यातून काढलेल्या दगडांचा बांध अजून समुद्र अडवून उभा आहे.

आणि आजच्या यंत्राच्या पेटीत ट्रान्सड्यूसरच्या शेजारी एक छोटी गोल कांडी ठेवलेली असते. तिच्यातून आवाज जायला किती मायक्रोसेकंद लागतात ते तिच्यावरच लिहिलेले असते. खाणीत पोहोचल्यावर आधी ती कांडी मोजायची. आकडा जुळला तर दगडाकडे वळायचे. नाही जुळला तर ग्रीस पुसून पुन्हा लावायचे.